तळोज्यातला जेसीबी ऑपरेटर कोर्स: साडेतीन स्टार, पण हेल्परचं काय?

आधी पैसे सांगतो, म्हणजे ज्यांना तेवढंच बघायचंय ते मोकळे. माणशी ९,५०० अधिक जीएसटी, ५ दिवस, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, दुपारचं जेवण त्यातच, मशीन त्यांचं, डिझेल त्यांचं. मी दोन सीट भरल्या, एक आमच्या मामांची आणि एक माझी स्वतःची. स्टार ५ पैकी साडेतीन. सेंटरचं नाव टाकत नाही कारण खाली थोड्या शिव्यापण आहेत आणि त्यांच्याशी माझं एका गोष्टीवरून अजून बोलणं चालू आहे. तळोजा एमआयडीसीच्या बाजूला आहे एवढं पुरे. कुठल्याही सेंटरला पैसे भरायच्या आधी जाऊन यार्ड बघून या, फोटोत सगळ्यांचीच मशीनं चकाचक असतात.

माझ्याबद्दल थोडं सांगतो नाहीतर वाटेल कोणी सेफ्टी ऑफिसर बोलतोय. मी घणसोलीचा, दोन जेसीबी आणि एक छोटा पोकलेन आहे, कामं म्हणजे ड्रेनेजच्या चरी, पाण्याच्या लाईनी, प्लॉट साफ करणं, पाया खणणं, कधीतरी घोडबंदरला कुणाच्या हाताखाली भरावाचं काम. (जेसीबी हे कंपनीचं नाव, मशीन म्हणजे बॅकहो लोडर, आणि पोकलेनपण मुळात एका फ्रेंच कंपनीचंच नाव, मशीन म्हणजे गोल फिरणारं खोदाईचं एक्स्कॅव्हेटर, पण नाक्यावर उभं राहून बॅकहो पाहिजे म्हटलं तर लोक माझ्याकडेच बघतील, म्हणून इथे जेसीबीच लिहितो.) मामा म्हणजे माझे सख्खे मामा नव्हेत, आमचे मोठे ऑपरेटर, मूळचे बीडकडचे, २२ वर्षं लिव्हरवर हात, सगळी साईट त्यांना मामाच म्हणते. आणि हेल्पर आहे तो बारक्या, १९ वर्षांचा, मामांच्याच गावचा.

आता कोर्सला का गेलो ते. मार्चमध्ये कोपरखैरण्याला एका गल्लीत चर खणत होतो, दुपारची वेळ, ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड येईल. बारक्या मशीनच्या मागच्या चाकाशेजारी डबा उघडून बसला, कारण सावली तेवढीच होती. मी समोरून हाक मारली की फावडं घेऊन इकडे ये, तो उठला, चार पावलं आला असेल, तेवढ्यात मामांनी मशीन मागे घेतली आणि कचकन आवाज आला. डबा. स्टीलचा तीन पुडाचा डबा, भाकरी-भाजीसकट पापड झाला. मामांना कळलंसुद्धा नाही, ते केबिनमधून विचारतायत काय झालं रे. रिव्हर्स हॉर्न वाजला नाही कारण वायर काढलेली होती, आणि वायर काढायला मीच सांगितलं होतं, आधीच्या साईटवर सोसायटीवाल्यांनी दुपारच्या झोपेची तक्रार केली म्हणून. हे लिहायला लाज वाटते पण लिहितोय. त्या रात्री बारक्या नेहमीसारखा जेवला, मी नाही जेवलो.

तर अशी शोधाशोध सुरू झाली आणि मे महिन्यात नंबर लागला.

पोचायचं म्हणाल तर घणसोलीहून बाईकवर तासभर धरा, कळंबोलीपासून पुढे कंटेनर आणि ट्रेलरची रांग, सकाळी ९ ला पोचायचं तर साडेसातला निघा. लोकल-बसने येणाऱ्यांचे हाल आहेत, शेवटचा तुकडा रिक्षाशिवाय होत नाही आणि रिक्षावाला मूड असेल तर येतो. यार्ड मात्र चांगलं मोठं, एक जेसीबी, एक चेनवाला पोकलेन, एक जुना हायड्रा (लोड उचलून चालणारी छोटी क्रेन), एक डंपर नुसता उभा करून ठेवलेला. बॅचला आम्ही १४ जण होतो. संडास स्वच्छ, पाणी थंड, जेवण साधं पण गरम, वरण रोज सारखंच. मामांनी दुसऱ्या दिवसापासून घरून ठेचा आणला, तिसऱ्या दिवशी अर्धी बॅच मामांच्या टेबलावर.

पहिला अर्धा दिवस वाया. एसी खोलीत स्लाईड, स्लाईड इंग्रजीत, बोलणं हिंदीत, आणि बॅचमध्ये निम्मे मराठवाडा-सोलापूरचे, निम्मे झारखंड-युपीचे, म्हणजे इंग्रजी वाचणारा कोणीच नाही. कायदे सांगितले, १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदा, त्याचे १९९८ चे नियम, त्यात मशीनला रिव्हर्स अलार्म, हँडब्रेक, पुढेमागे लाईट हवी असं होतं वगैरे. मामा झोपले. मी जागा होतो कारण अलार्म म्हटल्यावर मला ती वायर आठवत होती. हे सगळं दोन पानांत मराठी-हिंदीत छापून हातात दिलं असतं तरी चाललं असतं.

पण दुपारी जे झालं त्यासाठी मी पूर्ण फी परत भरायला तयार आहे. सरांनी (ट्रेनर, आधी हायवेच्या कामांवर असावेत, बोलण्यावरून वाटलं) मला केबिनमध्ये बसवलं, मला, ऑपरेटरला नाही. म्हणाले शेठ, तुम्ही बसा, सीटबेल्ट लावा, आरसे हवे तसे फिरवून घ्या आणि डोळे मिटा. मग बाकीच्यांतल्या ८ जणांना मशीनभोवती उभं केलं, बसवलं, दोघांना वाकून बुटाची नाडी बांधायला लावली. डोळे उघडा, किती दिसतायत ते मोजा. मी मोजले तीन. परत मोजले, परत तीन. मान वळवून, आरशात बघून, अर्धं उठून, तरी चौथा दिसेना. सर म्हणाले आता खाली या. खाली उतरून बघतो तर डाव्या मागच्या चाकाला लागून एक मुलगा उकिडवा बसलाय, अगदी बारक्या बसला होता तिथेच. मागे बूम (खणायचा लांब हात) दुमडलेला त्याच्या पलीकडे दोघे, पुढे बकेट थोडी वर उचललेली तिच्या आड दोघे. मामांनाही बसवलं, मामांना चार दिसले, २२ वर्षांचा अनुभव म्हणजे एक माणूस जास्त. मामा खाली उतरले तेव्हा काही बोलले नाहीत, बाजूला जाऊन तंबाखू मळत उभे राहिले.

त्यातून सरांनी जो नियम काढला तो साधा आहे. इशारा द्यायला एकच माणूस, तो ऑपरेटरला सतत दिसला पाहिजे, तो दिसेनासा झाला की मशीन जिथल्या तिथे थांबली, मग तो पाणी प्यायला गेला असेल किंवा मेला असेल, थांबायचं. इशारा एकाचाच ऐकायचा पण थांब म्हणून कोणीही ओरडलं, अगदी रस्त्याने जाणाऱ्या बाईने ओरडलं, तरी थांबायचं. आणि पोकलेनला तर मागचं वजन फिरतं ना, त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये माणूस सापडला तर सुटत नाही, म्हणून तिथे ट्रॅफिकवाले कोन किंवा पट्टी लावून तो रस्ताच बंद करायचा. आमच्याकडे हे सगळं "बघून घे रे" एवढ्या दोन शब्दांत व्हायचं.

दुसरा दिवस मशीनभोवती फेरी मारण्याचा. मला वाटलं होतं ग्रीस, ऑईल, पाणी, टायर, संपलं. पण एक गोष्ट अशी कळली की ती सगळ्या मशीनवाल्यांनी वाचावी. हायड्रॉलिकच्या होजला, म्हणजे ऑईलच्या जाड रबरी नळीला, बारीक भोक पडलं की ऑईलची इतकी बारीक धार येते की डोळ्याला दिसत नाही, आणि आपण काय करतो, हात फिरवून बघतो कुठून ओलं लागतंय. तिथे प्रेशर २०० बारच्या वर असतं, कारच्या टायरमध्ये जेमतेम २ बार असते, आता विचार करा. ती धार कातडीच्या आत शिरते, बाहेरून सुईच्या टोचण्याएवढा ठिपका दिसतो, दुखतपण नाही फारसं, माणूस पट्टी लावून कामाला लागतो आणि आत बोट सडायला लागतं. काही तासांत ऑपरेशन झालं नाही तर बोट, कधी हात काढावा लागतो. म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा किंवा फळी धरून बघायचं आणि होजला हात लावायच्या आधी इंजिन बंद करून प्रेशर सोडायचं. सरांनी विचारलं इथे कोण हाताने बघतो, १४ पैकी १४ हात वर, त्यात मामांचा पहिला.

बाकी बारीकसारीक पण उपयोगाचं. चढताना-उतरताना मशीनकडे तोंड, तीन ठिकाणी पकड, म्हणजे दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय, उडी नाही. केबिनमध्ये पाण्याची बाटली, हातोडा, पाना असलं सुटं काही नको, ती बाटली ब्रेकच्या पेडलखाली गेली की झालं. ब्रेकची दोन पेडल असतात ना, रस्त्यावरून जाताना ती एकमेकांना लॉक करायची, नाहीतर एकाच बाजूला ब्रेक लागतो आणि मशीन फिरते, हे मामांना माहीत होतं पण आमच्या दुसऱ्या ऑपरेटरला माहीत नव्हतं असं घरी येऊन कळलं, तो सहा महिने ठाणे-बेलापूर रोडवर तसाच मशीन पळवत होता. लोडरचे हात वर ठेवून खाली काम करायचं असेल तर सपोर्ट लावल्याशिवाय डोकं घालायचं नाही. मशीन उलटायला लागली तर उडी मारायची नाही, बेल्ट लावून स्टिअरिंग धरून बसून राहायचं, उडी मारणारा बहुतेक वेळा केबिनखालीच येतो. हे ऐकून पाठीमागे एकजण म्हणाला सर बेल्ट तर आम्ही सीटखाली घालून ठेवतो, टोचतो म्हणून. सगळे हसले. मी नाही हसलो, कारण माझ्या दोन्ही जेसीबींचे बेल्ट तेव्हा सीटखालीच होते.

आणि मग बकेटमध्ये माणूस चढवण्याचा विषय निघाला. सर म्हणाले फांदी छाटायला, लाईट लावायला, बॅनर बांधायला बकेटमध्ये माणूस चढवलाय असं कोण कोण, परत सगळे हात वर. मग एकाने विचारलं आणि गुलाल उधळायला? हशा पिकला. आता हे आपल्याकडचं खास, निकाल लागला की जेसीबीच्या बकेटमधून गुलाल, साहेब आले की फुलं, बकेटमध्ये चार पोरं नाचतायत, खाली ढोल. मी स्वतः मशीन दिली आहे अशा मिरवणुकीला, दीड तासाचे पैसे दिवसाएवढे मिळतात, खोटं कशाला बोलू. सर एवढंच म्हणाले की बकेट मातीसाठी बनवलीय, लिव्हरला कुणाचा कोपर लागला की ती दोन सेकंदांत उलटी होते. पुढच्या मिरवणुकीला मी काय करणार ते बघू, निदान माणसं वर चढवणार नाही, फुलं आधीच भरून ठेवता येतात.

सिम्युलेटर आहे, त्याची जाहिरात खूप करतात. ठीक आहे. व्हिडिओ गेमसारखं वाटतं, नवीन पोरांना लिव्हरची सवय व्हायला बरं, मामा पाच मिनिटांत कंटाळले. त्यासाठी जाऊ नका.

तिसरा दिवस चर आणि काठ, आणि इथे मामांची आणि सरांची जुंपली. सर सांगत होते की सरकारी कामाच्या सेफ्टी कोडमध्ये, सीपीडब्ल्यूडीच्या म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, दीड मीटर किंवा त्याहून खोल चर असेल तर बाजू उताराने कापा नाहीतर टेकू-फळ्या लावा, आणि निघालेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्मं, जे जास्त असेल तेवढी लांब टाका. मामा उठले, म्हणाले सर, कोपरखैरण्याच्या गल्लीत दोन्हीकडे लोकांचे ओटे, मध्ये बाईक लावलेल्या, मला एकूण जागाच तीन मीटर, त्यात मशीन उभी, तुमची दीड मीटर कुठून आणू? सर थोडे अडकले पण चिडले नाहीत, म्हणाले मग माती काठावर टाकूच नका, ट्रॅक्टर किंवा छोटा डंपर लावून भरून न्या आणि भरायला परत आणा. मामा म्हणाले त्याचे पैसे कोण देणार, आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं.

पण मामांनी पण सरांना एक शिकवलं. जॅक (मशीनचे आधाराचे पाय) टाकून मशीन उभी करण्याचा भाग चालू होता, सर म्हणाले जमीन कडक बघून जॅक टाका. मामा म्हणाले आमच्याकडे वरून कडकच दिसते साहेब. नवी मुंबईत खाडीकडच्या सेक्टरांत वर दोन-तीन फूट मुरूम दाबलेला असतो आणि खाली खाजणाचा चिखल, दुधावरच्या सायीसारखं. पायाने ठोकून बघाल तर दगड वाटेल, आणि साडेसात टनाची मशीन जॅकवर उचलली, बूम एका बाजूला फिरवला की त्या बाजूचा जॅक साय फोडून आत. मामा लाकडाचे जाड स्लीपर ठेवतात जॅकखाली, दोन आडवे एक उभा, आणि पहिली बकेट काढायच्या आधी बूम दोन्हीकडे रिकामा फिरवून बघतात जॅक खाली बसतो का. सरांनी ते फळ्यावर लिहिलं आणि पुढच्या बॅचला पण सांगणार म्हणाले. मामांची छाती त्या दिवशी बघण्यासारखी होती. ट्रेनर ऐकून घेणारा आहे, ह्याचा अर्धा स्टार वेगळा.

जमिनीखाली काय आहे ह्यावर पण चांगला तास झाला. आपल्याकडे पिवळी गॅसची लाईन, वीजेची केबल, पाणी, इंटरनेटच्या वायरी, सगळं एकाच फुटपाथखाली कोंबलेलं. खणायच्या आधी महानगर गॅसला कळवा, नकाशा मागा, तरी शेवटचं थोडं हाताने फावड्याने उघडं करा, वर पिवळी इशाऱ्याची पट्टी किंवा विटांची रांग लागली की बकेट बंद. नकाशावर लाईन ज्या बाजूला दाखवलीय त्याच बाजूला असेल असं धरू नका, हे सर नाही, मी सांगतोय.

वरच्या तारांचा भाग तर यार्डात नाटक करून दाखवला आणि तो मला सगळ्यात जास्त लक्षात राहिला. आमच्या ऐरोली-कळवा पट्ट्यात डोक्यावर हायटेन्शन लाईनींचं जाळं आहे, कळव्याचं ४०० केव्हीचं सबस्टेशन तिथेच. तारेला टेकलंच पाहिजे असं नाही, जवळ गेलं तरी करंट उडी मारतो, व्होल्टेज जेवढं जास्त तेवढं लांब राहायचं. आणि चुकून लागलंच तर केबिनमधून उतरायचं नाही, बसून राहा, जमलं तर बूम दूर घ्या, लोकांना ओरडून लांब ठेवा, वीज बंद होईपर्यंत. आग लागली तरच बाहेर, आणि तेव्हा दोन्ही पाय जोडून उडी, एकाच वेळी मशीन आणि जमीन दोन्हीला हात लागता कामा नये, मग पाय जोडूनच छोट्या-छोट्या उड्या मारत किंवा पाय न उचलता घासत लांब जायचं. लांब ढांग टाकली तर दोन पायांत व्होल्टेजचा फरक पडतो आणि माणूस जातो. बॅचमधल्या सगळ्यांनी एकेक करून पाय जोडून बेडकासारख्या उड्या मारल्या, मामांनी पण, व्हिडिओ आहे माझ्याकडे, टाकू नको म्हणालेत.

आता तक्रारी.

एक, हायड्रा. जाहिरातीत जेसीबी-पोकलेन-हायड्रा असं तिन्ही लिहिलंय, प्रत्यक्षात हायड्राला चौथ्या दिवसाची फक्त दुपार, त्यातही मशीन अर्धा तास चालूच झाली नाही. जे शिकवलं ते चांगलं होतं म्हणून जास्त राग. १४ टन लिहिलेला हायड्रा १४ टन कधी उचलतो तर बूम आत, मशीन सरळ, जमीन सपाट, टायरमध्ये हवा बरोबर असेल तेव्हा. बूम बाहेर काढत गेलं की आकडा झपाझप खाली येतो आणि लोड घेऊन वळलं की अजून खाली, तक्ता केबिनमध्ये चिकटवलेला असतो पण तो ऊन-धुळीने पांढरा झालेला. लोड बांधून उचलायच्या बेल्टचा एक प्रयोग केला, पाण्याचा कॅन दोरीच्या मध्ये अडकवून दोघांनी दोन टोकं धरायची आणि हळूहळू एकमेकांपासून लांब जायचं, दोरी जशी आडवी होत जाते तसा कॅन तोच पण हात तुटायला येतो. दोरी आडव्यापासून ३० अंशावर आली की प्रत्येक टोकाला पूर्ण कॅनएवढा ताण. आपली पोरं सळईचा बंडल उचलताना बेल्ट असेच फाकवून लावतात. आणि लोड हाताने धरून हायड्राच्या पुढे उलटं चालणारा माणूस, हा तर आपल्याकडे प्रत्येक साईटवर आहे, अडखळला की सरळ चाकाखाली, त्याला लांब दोरी द्या आणि बाजूने चालवा. बऱ्याच मोठ्या कंपन्या जुन्या हायड्राला गेटवरूनच परत पाठवतात ते ह्याच कारणाने, पुढचं नीट दिसत नाही. एवढा महत्त्वाचा विषय आणि अडीच तास! पूर्ण दिवस पाहिजे होता, मी त्यांना लेखी दिलंय.

दोन, सर्टिफिकेट. कार्ड ५ व्या दिवशी मिळणार सांगितलं, मिळालं तीन आठवड्यांनी, आणि मामांचं आडनाव चुकीचं. परत पाठवलंय.

तीन, ही माझी खरी तक्रार. ज्याच्यासाठी मी हा सगळा उपद्व्याप केला तो बारक्या, त्याला हे लोक घेतच नाहीत. पहिल्याच फोनवर मी म्हटलं मॅडम, मला हेल्परला पण पाठवायचंय. मॅडम म्हणाल्या, हेल्परचा कोर्स नसतो सर, ऑपरेटरच्या कोर्सला बसवायचं तर पूर्ण फी आणि त्याचं लायसन लागेल. लायसन कुठून आणू, तो पोरगा सायकल चालवतो. म्हणजे केबिनमधून आठातले पाच दिसत नाहीत हे तुम्हीच दाखवता, एक माणूस इशारा देणारा हवा हे तुम्हीच शिकवता, आणि तो इशारा देणारा माणूस शिकायला कुठे जाणार ते सांगत नाही. चाकाखाली ऑपरेटर येतो का हो? सरांना हे मी शेवटच्या दिवशी चहाच्या टपरीवर बोललो, ते म्हणाले शेठ तुमचं बरोबर आहे पण हेल्परचे पैसे कोणी मालक भरत नाही. ह्यावर मी काय बोलणार, मी स्वतः मार्चपर्यंत भरले नसते.

घरी येऊन काय बदललं ते सांगतो कारण रिव्ह्यूमध्ये लोक हेच लिहीत नाहीत. वायर त्याच संध्याकाळी जोडली, झोपेची तक्रार करणाऱ्यांना आता मी चहा पाजतो आणि डब्याचा फोटो दाखवतो. बेल्ट सीटखालून काढले, एकाचं बक्कल गंजलेलं होतं ते बदललं. बारक्याला हिरवं चमकणारं जॅकेट आणि शिट्टी आणली, हाताचे इशारे मामांनी त्याला आमच्या शेडमध्ये दोन संध्याकाळी शिकवले, मशीन बंद ठेवून, मामा केबिनमध्ये आणि तो बाहेर. पहिला आठवडा त्रासाचा गेला, दर थोड्या वेळाने मशीन थांबायची, कारण पोरगा सवयीने कुठेतरी निघून जायचा आणि मामा हात सोडून बसून राहायचे. वाशीच्या एका गिऱ्हाईकाने विचारलं तुमचा माणूस सारखी शिट्टी काय वाजवतोय, ट्रॅफिक हवालदार आहे का. दिवसाला अर्धा तास जातो असं मी हिशोब करून बघितलं, तासाचा रेट १,२०० धरला तर ६०० रुपये रोजचे. आधी टोचलं. आता अर्ध्या तासाचा पंधरा मिनिटांवर आलाय. चरीच्या मातीचं मात्र अजून जमलेलं नाही, गल्लीत कधी ट्रॅक्टर लावतो कधी नाही, पाऊस सुरू झाल्यापासून दीड मीटरच्या खाली जायचं असेल तर मामाच अडून बसतात, आधी ट्रॅक्टर बोलवा म्हणतात, आणि बोलवावा लागतो.

कोणासाठी आहे हा कोर्स? ज्यांचा ऑपरेटर नवा आहे त्यांच्यासाठी चांगला. ज्यांचा जुना आहे त्यांच्यासाठी त्याहून चांगला, पण त्याला एकट्याला पाठवू नका, मालकाने सोबत बसावं, नाहीतर तो परत येऊन सांगेल काही नवीन नव्हतं आणि तुम्ही विश्वास ठेवाल. हायड्रासाठी जाऊ नका, दुसरं बघा. पावसाळ्यात जाऊ नका, यार्डात गुडघाभर चिखल होतो असं आधीच्या बॅचवाला एकजण सांगत होता.

काल परत फोन केला होता त्यांना. ह्या वेळी सरच फोनवर आले. म्हणाले तीन हेल्पर जमवा, रविवारी एक दिवस करून देतो, माणशी दोन हजार, जेवणासकट, पण सर्टिफिकेट मिळणार नाही. मी हो म्हटलंय. एक आमचा बारक्या आहे, दुसऱ्या मशीनवरचा हेल्पर गावी गेलाय तो आषाढी झाल्यावर येईल का माहीत नाही. तेव्हा घणसोली, रबाळे, ऐरोली, कळवा, कुठलाही मशीनवाला असेल आणि पोरगा पाठवायची तयारी असेल तर खाली लिहा, अजून दोन पाहिजेत. सकाळी साडेसातला माझी गाडी निघते, तळोज्यापर्यंत मी नेतो.